परक्याच्या उपयोगी पडेल तीच खरी नोंद

सार्वजनिक आकडेवारी लोकांना मिळाली पाहिजे, यावर आज कुणी उघडपणे वाद घालत नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने कार्यालयांवर आपणहून माहिती जाहीर करण्याचे बंधन घातले. 2012 मध्ये केंद्र सरकारने आकडेवारीच्या देवाणघेवाणीचे राष्ट्रीय धोरण स्वीकारले आणि त्यासाठी स्वतंत्र पोर्टलही सुरू केले. तेव्हापासून एक समज रुजला आहे: तक्ता संकेतस्थळावर चढवला की माहिती खुली झाली. अधिकारी तसे मानतात, पत्रकार तसे मानतात, आणि आकड्यांची मागणी करणारे कार्यकर्तेही पुष्कळदा तेवढ्यावर समाधान मानतात. हा समज उथळ आहे आणि त्याची किंमत आपण मोजत आहोत.

माझे म्हणणे असे की, नोंद इतरांच्या कामी येणार की नाही याचा निकाल ती लिहिली जाते त्याच दिवशी लागतो. प्रसिद्धी ही फार नंतरची पायरी आहे. लिहिणाऱ्याला काहीही न विचारता, दहा वर्षांनी, परगावच्या आणि वेगळ्या विषयाच्या माणसाला ती नोंद शोधता आली, समजली, दुसऱ्या नोंदीशी जोडता आली आणि निर्धास्तपणे वापरता आली, तरच ती खुली म्हणायची. एरवी आडात पाणी आहे पण पोहऱ्यात येत नाही, अशी गत होते. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईसारख्या तालुक्यात हा निव्वळ संगणकतज्ज्ञांचा विषय नाही. इथे पावसाच्या एका आकड्यावर पीक विमा ठरत आला आणि धरणाच्या एका टक्केवारीवर शहराच्या नळाचे वेळापत्रक.

1. चार कसोट्या आणि त्यांचा नेमका अर्थ

2014 मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे संशोधक, प्रकाशक आणि ग्रंथपाल एकत्र बसले. त्या चर्चेतून आकाराला आलेली तत्त्वे 2016 मध्ये ‘सायंटिफिक डेटा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘फेअर’ तत्त्वे म्हणून ओळखली जातात. त्याच वर्षी हांगझाऊ येथे झालेल्या जी-20 परिषदेने सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनासाठी त्यांचा पुरस्कार केला. तत्त्वे चार आहेत. नोंद सापडली पाहिजे. ती कशी मिळवायची हे स्पष्ट असले पाहिजे. ती इतर नोंदींशी जुळली पाहिजे. आणि ती पुन्हा वापरता आली पाहिजे.

यातल्या दोन गोष्टी नेहमी नजरेआड होतात. पहिली, ही तत्त्वे माणसाइतकाच संगणकाचाही विचार करतात. तालुक्याचा एक दिवसाचा पाऊस माणूस डोळ्यांनी वाचू शकतो. जिल्ह्यातील सगळ्या महसूल मंडळांचा वीस वर्षांचा पाऊस वाचायला यंत्रच लागते. दुसरी, ‘मिळणे’ म्हणजे सर्वांना मोकाट मिळणे नव्हे. कुणाला, कोणत्या अटीवर आणि कुठे अर्ज केल्यावर मिळेल हे स्वच्छ लिहिलेले असले, तर बंद कपाटातली नोंदही ही कसोटी पार करते. गोपनीयतेचा आक्षेप पुढे तपासताना हा फरक महत्त्वाचा ठरेल.

2. सापडणे: कागद असतो, पत्ता नसतो

मराठवाड्याला या कसोटीचा अर्थ 2023 मध्ये कळला. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निजाम काळातील महसुली कागद, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे, जन्ममृत्यूच्या नोंदी, सगळे धुंडाळावे लागले. कागद उर्दूत आणि मोडीत होते. ते वाचणारे लोक शोधावे लागले, शोध हैदराबादपर्यंत न्यावा लागला. आरक्षणाच्या प्रश्नावर कुणाचे मत काहीही असो, त्या शोधाने एक गोष्ट निर्विवाद दाखवली: जे कागद सरकारी दप्तरात होतेच, ते सापडत नव्हते. राज्याला स्वतःचीच नोंद हुडकण्यासाठी समिती नेमावी लागली.

कारण सरळ आहे. नोंदी जपल्या गेल्या, पण त्यांची सूची झाली नाही. हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 रोजी भारतात विलीन झाले, मराठवाडा 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. राजवटी बदलल्या तशी दप्तरे विभागली गेली. अंबाजोगाईचा जुना कागद शोधणाऱ्याला हे गाव संस्थानी दप्तरात मोमिनाबाद आहे हे ठाऊक असावे लागते. कागदावरचे साल फसली असेल तर त्यात महिन्यानुसार 590 किंवा 591 मिळवल्यावर इसवी सन येते, हेही ठाऊक असावे लागते. हे ज्ञान काही मोजक्या जाणकारांच्या डोक्यात आहे. प्रत्येक गठ्ठ्यासोबत ठिकाणाची सर्व नावे, कालगणना, लिपी आणि विषय एवढ्या चार ओळी लिहिलेल्या असत्या, तर तो शोध महिन्यांऐवजी दिवसांत झाला असता. नोंदीची ही ओळख नोंदीइतकीच मोलाची असते. नोंद गोपनीय ठेवावी लागली तरी तिची ओळख जाहीर ठेवता येते.

3. मिळणे: आजचा तक्ता उद्याही असला पाहिजे

कागदावर छापलेला तक्ता पुन्हा स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवणे ही आपल्याकडची सर्वमान्य रीत आहे. त्यातला आकडा दिसतो, पण त्याची बेरीज करता येत नाही. हाताने टंकून घेताना 16.5 चे 165 होतात आणि चूक कुणाची हे कधीच कळत नाही. मूळ तक्ता संगणकावरच तयार झालेला असतो. तोच सीएसव्ही, म्हणजे संगणकाला वाचता येणाऱ्या साध्या मजकुराच्या स्वरूपात ठेवला तर खर्च शून्य.

त्याहून मोठी अडचण टिकण्याची आहे. संकेतस्थळ नव्याने बांधले की जुने दुवे मोडतात. आजचा अहवाल कालच्या अहवालाच्या जागी बसतो. मराठवाड्यात तुलना नेहमी मागच्या दुष्काळांशी करावी लागते: 1972, 2012-13, 2015-16. ज्याचा आजचा आकडा मिळतो पण तेव्हाचा मिळत नाही, त्या प्रदेशाला आपल्याच अनुभवातून शिकता येत नाही. म्हणून प्रत्येक तक्त्याला कायमचा पत्ता हवा, आणि दुरुस्ती झाली तर जुनी आवृत्ती न पुसता नवी तारखेसह ठेवायला हवी.

4. जुळणे: एक जिल्हा, दोन पाटोदे

बीड जिल्ह्यात पाटोदा नावाचा तालुका आहे. अंबाजोगाई तालुक्यातही पाटोदा नावाचे महसूल मंडळ आहे. फरक कळावा म्हणून लोक त्याला पाटोदा ममदापूर म्हणतात. लोखंडी सावरगाव कधी पूर्ण लिहिले जाते, कधी ‘लो. सावरगाव’. अंबाजोगाईचे स्पेलिंग रोमन लिपीत दोन तऱ्हांनी चालते. तहसील कार्यालयात बसलेल्या माणसाला यात काहीच अडत नाही, कारण संदर्भ त्याच्या ओळखीचा आहे. पण पावसाचा तक्ता, पेऱ्याचा तक्ता आणि विम्याचा तक्ता एकत्र करायला बसलेल्या परक्या माणसाच्या यादीत एका मंडळाची तीन मंडळे होतात किंवा दोन पाटोद्यांचे एक.

यावरचा उपाय नवा शोधायचा नाही. 2011 च्या जनगणनेने प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक दिला. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची स्थानिक शासन निर्देशिका गाव, तालुका, जिल्हा यांना क्रमांक देते. प्रत्येक तक्त्यात नावाशेजारी हा क्रमांक लिहिला की निम्मे दुखणे संपते. उरलेले निम्मे मात्र कठीण आहे, कारण खात्यांची सीमारेषाच वेगळी असते. पाऊस महसूल मंडळानुसार मोजतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते आणि हिशोब पाणलोट क्षेत्रानुसार करते. पाण्याचा साठा प्रकल्पनिहाय सांगितला जातो. म्हणूनच प्रत्येक पर्जन्यमापकाचे आणि प्रत्येक निरीक्षण विहिरीचे अक्षांश-रेखांश सोबत दिलेच पाहिजेत. जलयुक्त शिवारसारख्या जलसंधारण योजनेने भूजल वाढले की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद चालतो. कामाचे ठिकाण, जवळची विहीर आणि तिथला पाऊस या तीन गोष्टींची माहिती कुणालाही एका कागदावर सहज आणता आली असती, तर तो वाद भाषणांऐवजी आकड्यांवर झाला असता.

पैशांच्या बाबतीत तर न जुळण्याची किंमत थेट दिसते. विमा उतरवलेले क्षेत्र आणि प्रत्यक्ष पेरा यांतली तफावत बीड जिल्ह्यात वारंवार गाजली. पेऱ्याची मोबाइलवरून नोंद करणारी ई-पीक पाहणी 2021 पासून राज्यभर सुरू आहे आणि विम्याचे अर्जही ऑनलाइन भरले जातात. दोन्हींत गट क्रमांक असतो. हे दोन तक्ते अर्ज भरतानाच एकमेकांशी ताडले गेले असते, तर खोटे अर्ज नंतर शोधत बसावे लागले नसते. 2023 मध्ये आलेली एक रुपयात पीक विम्याची योजना 2025 मध्ये गुंडाळली गेली. गैरप्रकार हे त्यामागचे एक कारण सांगितले गेले. न जुळणाऱ्या नोंदींनी प्रामाणिक शेतकऱ्याची सोय घालवली.

5. पुन्हा वापरणे: आकड्यासोबत व्याख्या

चौथी कसोटी सर्वांत अवघड आहे आणि तीच सर्वांत दुर्लक्षित. आकडा स्वतःचा अर्थ सांगत नाही. अर्थ त्याच्या सोबत लिहावा लागतो. तीन उदाहरणे पुरेत.

पहिले उदाहरण पावसाचे. हवामान खात्याच्या प्रथेनुसार पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो आधीच्या चोवीस तासांचा असतो. म्हणजे 15 सप्टेंबरच्या संध्याकाळी घाटनांदूर मंडळात सोयाबीन झोपवणारा पाऊस झाला, तर तो 16 तारखेच्या रकान्यात दिसेल. शेतकरी नुकसानीची तारीख 15 सांगतो, तक्त्यात त्या दिवशी पाऊस नाही. विम्याच्या 2025 पूर्वीच्या नियमांत पूर्वसूचना 72 तासांत द्यावी लागे, आणि चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तरच मंडळात अतिवृष्टी धरली जाते. अशा व्यवस्थेत वेळेची एक ओळ तक्त्याखाली नसणे म्हणजे एका कुटुंबाचा दावा अडणे. तसेच शून्याचे. पाऊस पडलाच नाही म्हणून 0 आणि यंत्र बंद होते म्हणून 0 या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. 2023 च्या खरिपात पावसाच्या 21 दिवसांच्या खंडावरून विम्याच्या 25 टक्के अग्रिम रकमेचा वाद बीडसह अनेक जिल्ह्यांत पेटला. खंड मोजताना एका दिवसाचा रकाना कोरा आहे की शून्य, यावर सारे मंडळ आत किंवा बाहेर जाते. नोंद नाही तिथे ‘नोंद नाही’ असेच लिहिले पाहिजे.

दुसरे उदाहरण धरणाचे. अंबाजोगाईसह केज, कळंब आणि लातूरची तहान भागवणाऱ्या धनेगावच्या मांजरा प्रकल्पाचा एकूण साठा सुमारे 224 दशलक्ष घनमीटर आहे. त्यातला उपयुक्त साठा सुमारे 177, उरलेला 47 मृत साठा. बातमीत येणारी टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते, त्यामुळे ‘शून्य टक्के’ लिहिलेले असतानाही धरणात मृत साठा असू शकतो, आणि पिण्यासाठी तो उपसलाही जातो. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा पार आटला आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षाचे शून्य आणि दुसऱ्या एखाद्या वर्षाचे शून्य सारखे मानून कुणी पाण्याचे नियोजन केले, तर ते चुकणारच.

तिसरे उदाहरण ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचे. 2019 मध्ये या विषयाने राज्य हादरले आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. त्या काळात दोन आकडे पुढे आले. तीन वर्षांत बीड जिल्ह्यातील 99 खासगी रुग्णालयांत 4,605 शस्त्रक्रिया, हा एक. ऊसतोडीला जाणाऱ्या 82 हजारांहून अधिक महिलांच्या सर्वेक्षणात 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, हा दुसरा. पहिल्यात सर्व थरांतल्या महिला आहेत आणि कालावधी तीन वर्षांचा आहे. दुसऱ्यात फक्त ऊसतोड कामगार आहेत आणि शस्त्रक्रिया आयुष्यात कधीही झालेली चालते. हे दोन आकडे एकमेकांतून वजा करता येत नाहीत, की एकमेकांना खोटे ठरवत नाहीत. तरीही चर्चेत ते सर्रास एकमेकांसमोर उभे केले गेले. ज्या बायकांनी आपले दुःख सांगितले, त्यांच्या वाट्याला आकड्यांचा घोळ आला.

6. अज्ञात वाचकासाठी का लिहायचे?

नोंद करणाऱ्याला वाटते, माझा हेतू मला माहीत आहे, तेवढे लिहिले की झाले. पण नोंदीचा सर्वांत मोठा उपयोग पुष्कळदा असा माणूस करतो, ज्याची कल्पनाही कुणी केलेली नसते. 1971 मध्ये प्रथिनांच्या त्रिमितीय रचना एका ठिकाणी, एका ठरलेल्या स्वरूपात साठवणारी प्रोटीन डेटा बँक सुरू झाली. पन्नास वर्षे जगभरच्या शास्त्रज्ञांनी एकाच शिस्तीने तिच्यात भर घातली. त्याच साठ्यावर पुढे संगणक प्रणाली घडवली गेली, प्रथिनाची रचना ती भाकीत करू लागली आणि त्या कामाला 2024 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. 1971 मध्ये ही प्रणाली कुणाच्या स्वप्नातही नव्हती. शिस्त मात्र पहिल्या दिवसापासून होती.

आपल्याकडेही साठे आहेत. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर पदवी घेणारा प्रत्येक डॉक्टर प्रबंध लिहितो आणि त्यासाठी याच परिसरातले रुग्ण अभ्यासतो. 1982 पासून काम करणाऱ्या ‘मानवलोक’सारख्या संस्थांनी दुष्काळ, पाणलोट आणि महिलांचे प्रश्न जवळून पाहिले आहेत. अशा कामांतून जमलेल्या नोंदी एका पद्धतीने राखल्या, तर दक्षिण मराठवाड्याच्या आरोग्याचा आणि पाण्याचा इतिहास हाती येईल.

7. आक्षेप आणि त्यांची उत्तरे

*गोपनीयतेचे काय?* आक्षेप खरा आहे आणि गंभीर आहे. तीनशे वस्तीच्या गावात वय, जात आणि शस्त्रक्रिया एवढे जाहीर केले की बाई ओळखू येते. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर ही जबाबदारी कायदेशीरही झाली आहे. पण वर सांगितल्याप्रमाणे ही तत्त्वे सरसकट उघडेपणा मागत नाहीत. तालुका पातळीवरची बेरीज सर्वांना, नावे काढलेली तपशीलवार नोंद नैतिकता समितीच्या मंजुरीने संशोधकांना, आणि ओळख पटवणारी नोंद फक्त उपचार करणाऱ्यांना, अशी पायरी आखता येते. 2019 मध्ये आदिवासी व मूलनिवासी समूहांच्या पुढाकाराने मांडल्या गेलेल्या ‘केअर’ तत्त्वांनी आणखी एक अट घातली: ज्यांची नोंद आहे त्यांचे हित आणि त्यांचा शब्द आधी. ऊसतोड महिलांच्या बाबतीत ही अट मला अनिवार्य वाटते. गोपनीयतेचे नाव घेऊन पर्जन्यमापकाची जागा लपवणे मात्र कुठल्याच तर्कात बसत नाही.

*आकड्यांचा विपर्यास होईल.* तो आजही होतो, आणि व्याख्या सोबत नसल्यामुळेच होतो. अर्थ लावण्याची सामग्री जितकी पूर्ण, तितका चुकीचा दावा खोडणे सोपे.

*तलाठी, कृषी सहायक, आशाताईंवर आणखी किती ओझे टाकणार?* त्यांच्यावर ओझे आहेच, कारण एकच माहिती ते अनेक रजिस्टरांत आणि अनेक अ‍ॅपांत भरतात. नोंदी एकमेकींशी जुळल्या तर एकदा लिहिलेले पुन्हा लिहावे लागणार नाही. संकेतांक आणि व्याख्या ठरवण्याचे काम वरच्या कार्यालयाचे आहे. गावपातळीवरच्या माणसाच्या गळ्यात ते बांधू नये.

*आमच्या कष्टाचे श्रेय दुसरा नेईल.* संशोधकाची ही भीती रास्त आहे. ठराविक मुदतीपर्यंत वापराचा पहिला हक्क राखता येतो, आणि पुढे वापरणाऱ्याने मूळ नोंदकर्त्याचे नाव देणे परवान्याचीच अट करता येते. भारत सरकारच्या खुल्या डेटासाठी असा परवाना 2017 पासून अस्तित्वात आहे. परवाना न लिहिणे हा यावर उपाय नाही; त्याने प्रामाणिक माणूस थांबतो आणि बेफिकीर माणूस उचलून नेतो.

*सामान्य शेतकऱ्याला सीएसव्ही कशाला?* या आक्षेपाचे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. विस्कळीत आकडेवारी सर्वांना सारखीच अडवत नाही. विमा कंपनी ती साफ करायला माणसे ठेवू शकते, बर्दापूरचा शेतकरी ठेवू शकत नाही. म्हणून वाईट नोंद ही तटस्थ गोष्ट नसते. ती नेहमी बळकटाच्या बाजूने झुकते. स्वच्छ नोंद शेतकऱ्याच्या वतीने गावातला पदवीधर, स्थानिक वार्ताहर किंवा वकील वाचू शकतो.

8. तालुक्यापासून सुरुवात

हे सर्व होण्यासाठी दिल्ली-मुंबईच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक तक्त्यात गावाचा किंवा मंडळाचा संकेतांक असावा. प्रत्येक रकान्याचे एकक आणि मोजण्याची वेळ तळाशी लिहिलेली असावी. शून्य आणि ‘नोंद नाही’ वेगळे असावेत. जुनी आवृत्ती पुसू नये. नोंद कोणी केली, कोणत्या अटीवर वापरता येईल आणि चूक आढळल्यास कुणाला कळवायचे, हे पहिल्या पानावर असावे. यातल्या एकाही गोष्टीला नवा निधी लागत नाही. तहसील कार्यालय, पंचायत समिती, महाविद्यालये आणि स्वयंसेवी संस्था आपापल्या एका तक्त्यापासून उद्या सुरुवात करू शकतात.

वाचकांनाही एक विनंती आहे. यापुढे माहितीच्या अधिकारात अर्ज कराल, ग्रामसभेत प्रश्न विचाराल, तेव्हा फक्त आकडा मागू नका. तो कोणत्या ठिकाणचा, किती वाजता मोजलेला, कोणत्या व्याख्येचा आणि कोणत्या संकेतांकाचा, हेही लेखी मागा. असे विचारणारे वाढले, तर लिहिणाऱ्यालाही ते आधीच लिहून ठेवावे लागेल.